वाचकांचे प्रश्न : चाकांवरचा रॅक, लाकूड आणि लोखंड

प्रश्न : टिनाचं शेड आहे, १२ बाय १८ फुटांचं. दारं-खिडक्यांचं सागाचं काम आणि बंड्या (बैलगाड्या), डवरे, वखर अशा शेती-अवजारांचं वेल्डिंग एकाच छताखाली चालतं. वेल्डिंग लागलं की लाकूड बाहेर काढा, पाऊस आला की आत घ्या, असा खेळ रोज होतो. दोन्ही माल राहील असा चाकांचा रॅक घरीच बनवायचा आहे. पाइप कोणता, किती आणि चाकं कशी घ्यावी?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : पाइप घ्यायच्या आधी मालाचं वजन मांडा. गोल गजाचा हिशेब सोपा आहे : व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिमीचा गज मीटरला ०.८९ किलो, म्हणजे ६ मीटरचा अख्खा गज सव्वापाच किलोच्या वर. पट्टीसाठी रुंदी गुणिले जाडी (दोन्ही मिमीत) गुणिले ०.००७८५, २५ × ५ ची पट्टी मीटरला किलोभर भरते. वाळलेला साग घनफुटाला १८ ते २० किलो धरा. बाभूळ त्याहून जड, आणि ओला माल तर विचारूच नका. चालू कामाचा तेवढाच माल चाकांवर ठेवा. वर्षभराचा साठा फिरवायला निघालात तर ढकलायला चार माणसं लागतील आणि रॅक एका जागी रुतून बसेल. खालची मापं ४०० किलो मालासाठी आहेत.

रॅक ६ फूट लांब, अडीच फूट रुंद. मधोमध एका ओळीत तीन खांब, दोन्ही बाजूंना माल ठेवायला आडव्या भुजा. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला लोखंड. तळ आणि खांब ४० × ४० × ३ मिमी चौकोनी पाइपचे, भुजा २५ × २५ × २ च्या. दुकानदार ज्याला '२० फुटी' म्हणतो तो पाइप बहुतेक वेळा ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच असतो. कटिंगचा हिशेब त्यावरच करा. ४० च्या दोन लांब्या (अख्खे पाइप) लागतात. पहिलीतून तळाचे ६ फुटी दोन आणि आडवे ६८० मिमीचे तीन तुकडे निघतात. दुसरीतून ५ फुटी तीन खांब निघून साडेचार फूट उरतं. २५ च्या तीन लांब्या घ्या : १ फुटी २४ भुजा, खांबांना वरून जोडणारे दोन तुकडे, दोन तिरपे आधार आणि उरलेल्यातून ढकलायचा दांडा. याशिवाय खांबांच्या बुडाशी लावायला ५ मिमी प्लेटचे ६ × ६ इंची सहा त्रिकोण.

भुजा फूटभरच का? तळाची अर्धी रुंदी १५ इंच आहे आणि भुजेचं टोक खांबाच्या मध्यापासून पावणेतेरा इंचांवर येतं, म्हणजे तळाच्या आतच राहतं. एकच बाजू भरली तरी रॅक कलंडत नाही तो यामुळे. जास्त माल मावावा म्हणून भुजा दीड फुटी करणारे खूप आहेत. एका बाजूचं लाकूड संपलं आणि दुसरीकडे लोखंड भरलेलं राहिलं की तोच रॅक अंगावर येतो.

तिरप्यांची दिशा चुकवू नका. तीन खांबांत मधल्यावर सर्वांत जास्त भार येतो आणि त्याच्या खाली चाक नाही. म्हणून दोन्ही तिरपे मधल्या खांबाच्या बुडाशी सुरू होऊन कडेच्या खांबांच्या माथ्याला जायला हवेत. मग मधला भार ते वर ओढून कडेला नेतात.

आधी तळाची चौकट सपाट जागेवर टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून घ्या. टेपने दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ठोकून सरळ करा. मग एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा अशी पाळीपाळीने वेल्डिंग करा. सगळे सांधे एकाच अंगाने भरत गेलात तर चौकट त्या अंगाला उचलते आणि पुढे एक चाक अधांतरी राहतं. २ मिमीच्या पाइपला अडीच मिमीचा रॉड आणि ६५ ते ८० अँपिअर पुरतो. त्यावर गेलात तर भोक पडतं. भुजांचे चार थर तळापासून १५, २६, ३७ आणि ४८ इंचांवर घ्या. भुजेचं टोक मुळापेक्षा अर्धा इंच वर हवं, म्हणजे ढकलताना माल घसरत नाही. गोल गजांच्या बाजूला टोकाशी १२ मिमी गजाचा २ इंची खुंटा उभा करा. भुजांची उघडी तोंडं पत्र्याच्या तुकड्याने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आणि एरवी कुंभारीण माशी आत घर करते.

आता चाकं. रॅक ६५ किलो, माल ४००, मिळून ४६५. याला चारने नाही, तीनने भागा, कारण आपल्या जमिनींवर कोणत्याही क्षणी तीनच चाकं खरी टेकलेली असतात. १५५ आले, म्हणून २०० किलो क्षमतेची ५ इंची चाकं घ्या. एका टोकाला दोन फिक्स, दुसऱ्या टोकाला ब्रेकवाली दोन फिरती; ढकलायचा दांडा फिरत्या चाकांच्या टोकाला. चारही फिरती घेतली तर १० फुटी माल लादलेला रॅक सापासारखा वळवळतो. कोब्यावर पीयू (पॉलियुरेथेन) चाक चांगलं. नायलॉन हलकं चालतं पण आवाज फार, आणि रबराचं चाक भरल्या वजनाखाली महिनोन् महिने उभं राहिलं की एका बाजूने चपटतं. चाक चौकटीला वेल्ड करू नका. उष्णतेने ग्रीस जळतं आणि नायलॉन मऊ पडतं. कोपऱ्यावर ६ मिमीची प्लेट वेल्ड करा, चाक हातात आल्यावर त्याच्या मापाने भोकं पाडा आणि १० मिमी बोल्ट नायलॉक नटसह (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट) कसा.

खाली जड माल, वर हलका, हे पाळाच. १० फुटी माल दोन्हीकडे २-२ फूट बाहेर येतो, त्याच्या टोकांना लाल फडकं बांधा. खांबांच्या मधे टिनाचा जुना पत्रा स्क्रूने बसवला तर ठिणग्या लाकडावर कमी जातील, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वेल्डिंगच्या वेळी लाकडाची बाजू पाठमोरी करून रॅक लांब न्या आणि भुसा आधी झाडून घ्या.

प्रश्न : आमच्या शेडात मुरूम टाकलेला आहे, खाली काळी माती. रॅकची चाकं रुततात. शहाबादी फरशी टाकली तर चालेल का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नुसती फरशी टिकणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची फरशी पोकळ होते आणि भरल्या चाकाखाली कोपऱ्यात तडकते. पूर्ण कोब्याचा खर्च नको असेल तर रॅक जिथून जातो तेवढ्याच दोन पट्ट्या करा. दीड फूट माती काढा आणि मुरूम पाणी मारून ६-६ इंचांच्या थरांत दाबत जमिनीपासून ४ इंच खालपर्यंत भरा. त्यावर फूटभर रुंद, ४ इंच जाड १:२:४ चं (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट. १२ फुटी दोन पट्ट्यांना दीड पोतं सिमेंट, साडेतीन घनफूट रेती आणि सात घनफूट गिट्टी लागते. दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर रॅकच्या चाकांइतकं ठेवा. ओतायचं काम एप्रिल-मेच्या दुपारी काढू नका, पहाटे काढा. ओला बारदाना किमान सात दिवस टाकून ठेवा.

प्रश्न : तयार रॅक आणला. एक चाक जमिनीला टेकत नाही आणि ढकलताना रॅक सारखा डावीकडे जातो. दोष चाकाचा की जमिनीचा?
— एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : रिकामा रॅक त्याच जागेवर उलटा फिरवून ठेवा, म्हणजे पुढचं टोक मागे. तेच चाक उचललेलं राहिलं तर चौकट वाकली आहे. दुसरं चाक उचललं तर जमीन. चौकट वाकली असेल तर फटीच्या जाडीची पत्र्याची चकती त्या चाकाच्या प्लेटवर घालून बोल्ट कसा. एका बाजूला ओढणं मात्र बहुधा फिक्स चाकांचं असतं. दोन्ही फिक्स चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बोल्ट ढिले करून चाकं समांतर करा. भोकात जागा नसेल तर ते कानशीने लांबट करा.

प्रश्न : रॅकवर ठेवलेल्या बाभळीच्या फळ्यांवर काळे पट्टे पडलेत. रंग लागला म्हणावं तर भुजांना रंगच नाही.
— एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : बाभळीत टॅनिन भरपूर असतं. ओलं लाकूड उघड्या लोखंडाला टेकलं की टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा डाग बनतो. भुजांना रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट द्या आणि प्रत्येक भुजेवर सुक्या लाकडाची एक इंची पट्टी स्क्रूने बसवा. फळ्यांच्या थरांमधेही तशाच पट्ट्या, भुजेच्या बरोबर रेषेत. पट्टी भुजेपासून सरकली तर फळी तिथे वाकते. डाग वरवरचा असेल तर रंध्यात निघतो.

प्रश्न : प्लाय आणि पत्रा याच रॅकवर उभा ठेवता येईल का? आणि २० फुटी पाइप?
— एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : दोन्हींना नाही. ८ × ४ ची १८ मिमी प्लाय ३२ ते ३५ किलोची, १.२ मिमीचा पत्रा २८ किलोचा. दहा नगांतच ३०० च्या आसपास किंवा वर गेलात. त्यांना वेगळी गाडी करा, लांब कड खाली, चार फूट उंचीला पाच इंच कल, बुडाशी लाकडाच्या दोन पट्ट्या. ६ मिमी प्लाय उभी टेकवली तर पोट काढते. ती आडवी, सपाट जागी. २० फुटी पाइप भिंतीवर, ५-५ फुटांवर चार ब्रॅकेटांवर. नाहीतर आणतानाच १० फुटांत कापून घ्या.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याचे नंदी करतो. सागाचे, शिवणीचे फूट-दीड फुटी तुकडे खूप साठतात. रॅकवर ठेवले की खाली पडतात.
— एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : तुकड्यांना भुजा नकोच. संत्र्याचे प्लास्टिक कॅरेट जाळीदार असतात, हवा खेळते. तळाच्या थरावर एका बाजूला तीन बसतात. एका कॅरेटात एकाच जाडीचा माल भरा, शोधायला सोपं जातं. ओले तुकडे असतील तर कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचा हात द्या. टोकांतून ओल सर्वांत वेगाने जाते आणि भेग तिथूनच सुरू होते. नंदीच्या पायात ती निघाली की तुकडा वाया. ६ इंचांखालचे तुकडे शिंगं, चाकं आणि खुंट्यांपुरते एका कॅरेटात ठेवा. ते भरलं की वरचे चुलीला.