हॉल ऑफ फेममध्ये आधी वादकांना बसवा

दुर्लक्षित राहिलेल्या कुठल्या संगीतकारांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या दालनात, जागा मिळायला हवी, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवतो, म्हणून वादकांचीच नावं सांगतो. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पहिले मानकरी १९८६ मध्ये निवडले, पण साथीच्या वादकांसाठी वेगळा गट निघायला २००० साल उजाडलं. आपल्याकडे असं दालन झालंच, तर सुरुवात साथीदारांपासून करावी.

माझ्या यादीत पहिले दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशन यांचे सहायक, ढोलकीचे पक्के. १९५८च्या 'परवरिश'ला संगीत त्यांचंच. त्यातलं 'मस्ती भरा है समां' हेडफोन लावून ऐका आणि फक्त ढोलकवर कान ठेवा. ठेका सतत पळतोय, पण कुठेही गाण्याच्या अंगावर येत नाही. गायकाला श्वास घ्यायला जागा बरोबर सुटलेली असते. या ठेक्याला आम्ही वादक 'दत्ताराम'च म्हणतो. तालमीत एखादं गाणं काढलं की कीबोर्डवाला नुसतं 'दत्ताराम धर ना' म्हणतो, पुढे काही सांगावं लागत नाही. आणि समोर बसलेल्या रसिकांना मात्र हे नाव बहुधा माहीत नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मग मनोहारी सिंग आणि केर्सी लॉर्ड. 'रूप तेरा मस्ताना'मधला सॅक्सोफोन मनोहारींचा आणि अकॉर्डियन केर्सींचं. हे गाणं स्टेजवर घेतलं की पहिल्या शिट्ट्या सॅक्सच्या पीसला पडतात, गायकाने तोंड उघडायच्या आधी. तो पीस फसला तर गायक कितीही तयारीचा असो, गाणं उभं राहत नाही.

मराठीत प्रभाकर जोग. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची ५६ गाणी आली, तेव्हा बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, साथीला त्यांचं व्हायोलिन होतं. पुढे 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळखच झाली. गाण्याचे शब्द कळावेत इतका स्पष्ट त्यांचा गज चालायचा. 'स्वर आले दुरुनी'ची चालही जोगांची, पण बहुतेकांना ते फक्त बाबूजींचं गाणं वाटतं. २०२१ मध्ये जोग गेले.

एक नाव वादकांबाहेरचं, पण नागपूरचा असून ते टाळलं तर मलाच चैन पडणार नाही: शंकरराव सप्रे. वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र, दोघंही त्यांच्याकडे इथे नागपुरात शिकले. एकाच गुरूच्या हाताखालून एक असा गवई आणि एक असा संगीतकार! सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या सभागृहाला वसंतरावांचं नाव दिलंय, ते योग्यच आहे. सप्रे गुरुजींची आठवणही तिथे कुठेतरी दिसायला हवी.

हल्ली पुष्कळ कार्यक्रम कराओके ट्रॅकवर होतात, म्हणजे वादक स्टेजवरूनच गेला. दालन होईल तेव्हा होईल. आमच्या कार्यक्रमात निवेदकाच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार यांच्याखाली मी मूळ रेकॉर्डिंगमधल्या वादकाचं नाव लिहून देतो, आणि ते माइकवरून वाचलंच पाहिजे असा आग्रह धरतो. तुमच्या गावात कार्यक्रम करणारे कोणी ओळखीचे असतील, तर त्यांनाही हे सांगा.