हळद पिवळी पडली तर युरिया वाढवावा का?

दौंडकडच्या चुनखडीच्या रानात अक्षय्य तृतीयेला एकरभर हळद लावलीत, जुलैत ती पिवळी पडतेय, आणि दुकानदार म्हणतोय युरिया वाढवा. तुम्ही विचारताय, वाढवू का?

लगेच नको. आधी रानात जा आणि कोणतं पान पिवळं आहे ते बघा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली असतील तर युरियातून मिळणारं नत्र कमी पडतंय. पण वरचं कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. आमच्या शिरूरच्या रानातही हेच दिसतं. चुनखडीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, मग युरियाच्या कितीही गोण्या टाका, तो पिवळेपणा हटत नाही. त्यासाठी एकरी 10 किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या.

हळदीला हेक्टरी 200 किलो नत्र, 100 स्फुरद, 100 पालाश अशी शिफारस आहे. एकराला 80, 40, 40. म्हणजे स्फुरदासाठी सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या 5 गोण्या, पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश 67 किलो, आणि नत्रासाठी 45 किलोच्या गोणीने युरिया जेमतेम 4 गोण्या. स्फुरद-पालाश लागवडीलाच द्यायचं. युरिया निम्मा दीड महिन्यानं, उरलेला भरणीला, म्हणजे झाडांच्या बुडाशी माती लावताना, अडीच-तीन महिन्यांनी. तुमचा पहिला हप्ता राहिला असेल तर तो आता द्याच.

त्याहून जास्त नत्र दिलं की पाला माजतो. बांधावरून रान देखणं दिसतं, पण आपल्याला विकायचाय तो जमिनीखालचा कंद. लुसलुशीत पाल्यावर करपा हा पानांचा रोग लवकर येतो. भरणीनंतरही युरिया चालू ठेवला तर पाला हिरवाच राहतो आणि कंद भरायला उशीर होतो. काढणीला ओलं वजन बघून हुरळून जाऊ नका. ओल्या हळदीची वाळून साधारण पाचवा हिस्सा उरते, आणि बाजारात पैसे त्याचेच होतात. म्हणून शेजाऱ्याशी तुलना करायची तर वाळलेल्या वजनाची करा.

माती तपासली नसेल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या आणि मुक्त चुन्याचं प्रमाण आवर्जून विचारा. आणि युरिया वरून फेकू नका. अशा जमिनीत त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सरीत टाकून लगेच मातीआड करा.