इस्तंबूलला पहिल्यांदा जाताय? मग घाई करू नका

अहो दोन दिवसात इस्तंबूल उरकायचं म्हणताय, तसं नका करू, निदान चार दिवस तरी ठेवा. आया सोफिया ५३७ साली बांधून झालं, आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, मग म्युझियम आणि २०२० पासून परत मशीद, त्यामुळे शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका आणि बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी सोबत ठेवा. वरच्या गॅलरीत संगमरवरी कठड्यावर एका व्हायकिंगने, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी योद्ध्याने, कोरलेलं नाव आहे, हाफदान, ते नक्की शोधा, मला तर तिथल्या मोझेकपेक्षा, म्हणजे छोट्या रंगीत तुकड्यांच्या चित्रांपेक्षा, तेच जास्त भिडलं. जवळच जमिनीखाली बॅसिलिका सिस्टर्न आहे, ३३६ खांबांचं पाण्याचं टाकं, तेही बघा. आणि संध्याकाळी फेरीबोटीने कादिकॉयला जा, युरोपातून थेट आशियात, बोटीवरचा चहा घ्याच.