हॉस्पिटलचा शेअर आत्ता घ्यावा का?

सोलापुरात रेल्वे लाईन्समधल्या दवाखान्यांत सकाळपासून गर्दी, धाराशिव-कलबुर्गीहून येणारे पेशंट, हे बघून तुम्हाला हॉस्पिटल कंपनीचा शेअर घ्यावासा वाटला. निरीक्षण चांगलं आहे. पण धंदा चालणं वेगळं आणि शेअर योग्य भावात मिळणं वेगळं. माझ्या पहिल्या खरेदीत मी हीच गल्लत केली. कंपनी उत्तम होती, भाव फार मोजला, आणि तीन वर्षं पैसे जागचे हलले नाहीत.

सध्या एवढंच बघा:

- शंभरातल्या किती खाटा भरलेल्या असतात आणि एका भरलेल्या खाटेमागे रोज किती उत्पन्न मिळतं. दोन्ही आकडे कंपनीच्या तिमाही सादरीकरणात सापडतात. चार-पाच वर्षांचे वहीत शेजारी शेजारी लिहा.
- कर्ज. नवीन हॉस्पिटल सुरुवातीला बहुधा तोट्यातच असतं, पगार आणि व्याज मात्र थांबत नाहीत. एकदम बऱ्याच खाटा वाढवणारी कंपनी असेल तर हे आधी तपासा.
- पी/ई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या जुन्या पी/ईशी, मग अपोलो, मॅक्स, नारायणा या हॉस्पिटल कंपन्यांच्या पी/ईशी ताडा.

सरकारी धोरणाचा धोका नवे लोक विसरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचारांचे प्रमाणित दर न ठरवल्यावरून केंद्र सरकारला सुनावलं, आणि हॉस्पिटलचे शेअर लगेच घसरले.

टेलिग्रामवरच्या टिपेवर घेऊ नका, सगळी रक्कम एकदम घालू नका. बाकी गणितं नंतर. आधी एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, अडलात तर पान नंबर सांगून विचारा. मी बघतो.