शोमरोनी लोक नेमके कोण होते? यहुद्यांशी असलेलं त्यांचं वैर येशूवरच्या विश्वासामुळे मिटलं का?

मराठी बायबलातले शोमरोनी म्हणजे समॅरिटन. ते कोण, याची दोन उत्तरं मिळतात आणि वैराचं मूळ तिथेच आहे.

बायबलातल्या '२ राजे' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायानुसार अश्शूरी राजाने इस्राएलाच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन जिंकली (इ.स.पू. ७२२च्या सुमारास), तिथल्या इस्राएलांना हद्दपार केलं आणि बाबेल, कूथा इथली माणसं आणून वसवली. त्यावरून यहुदी त्यांना हिणवून 'कूथी' म्हणत. शोमरोनी मात्र सांगतात, आम्ही योसेफाच्या एफ्राईम आणि मनश्शे या मुलांचे वंशज, आमची माती आम्ही सोडलीच नाही. अश्शूरी राजा सर्गोनच्या शिलालेखांत सुमारे २७ हजार लोकांना नेल्याची नोंद आहे. अख्ख्या मुलखाच्या मानाने हा आकडा लहान आहे, म्हणून मला शोमरोन्यांच्या म्हणण्यात बरंच तथ्य वाटतं.

थोडक्यात, ही भाऊबंदकी होती. देव एक, मोशेची पाच पुस्तकं एक, सुंता आणि शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) हेही तेच. वाद डोंगराचा: उपासना यरुशलेमेत करायची की शोमरोन्यांच्या गरिज्जीम डोंगरावर? इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने गरिज्जीमावरचं मंदिर पाडलं. अशी जखम लवकर भरत नाही.

समाज म्हणून हे वैर तेव्हा मिटलं नाही. पण माणसं बदलली, आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो येशूचा शिष्य, प्रेषित योहान. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तिच्या गावी दोन दिवस राहिला, हे योहानाच्याच शुभवर्तमानात आहे. तरीही लूक आपल्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात सांगतो, की एका शोमरोनी गावाने त्यांना थारा नाकारला तेव्हा हाच योहान आणि त्याचा भाऊ याकोब 'आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का?' असं विचारून बसले. येशूने त्यांना दटावलं. मी हा उतारा शिकवतो तेव्हा इथे थांबतोच. गुरूबरोबर इतकं हिंडूनही मनातली अढी गेली नव्हती.

पुढे शोमरोनात लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा यरुशलेमेहून पेत्राबरोबर पाठवलं गेलं ते योहानालाच. त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले. परतताना दोघांनी शोमरोन्यांच्या कितीतरी गावांत सुवार्ता सांगितली. थारा न देणारं ते गावही त्यांत असावं, असं मला मनापासून वाटतं.