लैंगिक छळाच्या तक्रारीची फाइल ऑफिसात कोणी पाहावी?

फाइल अख्ख्या एचआरला उघडता येत असेल तर ते आजच बंद करा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) व साक्षीदारांची ओळख, चौकशीचं कामकाज, शिफारशी आणि कारवाई उघड करायला मनाई करतं. तक्रारीचं काम हाताळणाऱ्याने यातलं काही फोडलं तर ५,००० रुपये दंड. प्रतिवादीला मात्र तक्रारीची प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत द्यावीच लागते. चौकशीचा अहवालही दोन्ही पक्षांना मिळतो.

गुपित फुटतं ते बहुधा साध्या गोष्टींतून: ईमेलची सीसी, सामायिक प्रिंटर, ‘अमुकची चौकशी’ असं नाव दिलेलं कॅलेंडर आमंत्रण. म्हणून नावाऐवजी प्रकरण क्रमांक वापरा, फोल्डर फक्त अंतर्गत समितीच्या (ऑफिसात अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या) सदस्यांना उघडू द्या. साक्षीदाराला त्याचाच जबाब वाचायला द्या, इतरांचा नको.