वडिलांचं युरिक ॲसिड 8.2 आलंय आणि टाच दुखते. हा गाऊटच का? डाळी बंद कराव्यात का?

मी फिजिशियन आहे. फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टमध्ये हा आकडा ठळक छापून येतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरात तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वयस्कर माणसाच्या ताटातली प्रथिनंच त्यात जातात.

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच दुखते, मग मोकळी होते. हे वर्णन तळपायाच्या पट्ट्याच्या सुजेचं, म्हणजे प्लँटर फॅसायटिसचं वाटतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, असा येत नाही. त्यात रात्री झोपेत पायाच्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं, उजाडेपर्यंत ते लालबुंद, गरम, चकचकीत होतं आणि माणूस बोट लावू देत नाही. आठ-दहा दिवसांत सूज आपोआप उतरते, वरची कातडी सोलवटते. असं पूर्वी कधी झालं होतं का, मुतखडा होता का, हे बाबांना नीट विचारा. काहीच नसेल तर नुसत्या 8.2 साठी सहसा गोळी द्यावी लागत नाही.

उलट गाऊटच्या ऐन झटक्यात आकडा नॉर्मलही येतो, म्हणून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतात. पक्की खात्री सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की होते.

गाऊट ठरलाच तर झटक्यासाठी कोल्चिसिन, सूज उतरवणारी वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड, किडनी बघून. वारंवार झटके येत असतील तर युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल, 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून हळूहळू वाढवत, आकडा 6 च्या खाली येईपर्यंत. 6.8 च्या वर युरेट (युरिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) नीट विरघळून राहत नाही, त्याचे स्फटिक धरू शकतात. जुने स्फटिक विरघळताना सुरुवातीचे काही महिने झटके वाढू शकतात. नेमकं तेव्हाच लोक ‘औषध बाधलं’ म्हणून गोळी सोडतात. तसं करू नका. त्या काळात कोल्चिसिनचा कमी डोस जोडीला देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र ॲलोप्युरिनॉलची गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

डाळी खुशाल खाऊ द्या, दूध-ताकही. हात आखडायचा तो बिअर, कलेजी, तारली आणि गोड शीतपेयांवर.

आणि बाबांना बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलंय का बघा. त्यानेही युरिक ॲसिड चढतं. स्वतःहून बंद करू नका, पाकीट आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, पर्याय आहेत.